नाताळची बिस्किटं आणि विलायती सोडा

साखर पेठ, सोलापूर
ता. २९ डिसेंबर १९३२

तीर्थस्वरूप दादांच्या चरणी धाकट्या गोजरचा दंडवत. इकडे सासूबाई, मी, दोन्ही पोरी आणि हे, असे सगळे जिवंत आहोत. खुशाल आहोत असं मुद्दामच लिहिलेलं नाही, ते का, हे पुढं कळेल. वहिनींचं ढोपर कसं आहे? शेक द्या, पण त्या वैदूचा लेप नको, त्यानं वैदूखेरीज कुणाचं भलं झालेलं मी ऐकलेलं नाही. शाळू हुरड्याला आला का? (इथून पुढं तुला 'तू'च म्हणते. 'आपण आपण' लिहायला लागले की माझा टाक अडखळतो.) पत्र लांबणार आहे. गोठ्याच्या भिंतीवर कोळशानं अक्षरं काढायला तूच शिकवलंस मला, तेव्हा आता वाचायचा त्रासही तुलाच.

आमचे हे मिलमध्ये रंगखात्याच्या स्टोअरात कारकून आहेत, हे तुला ठाऊक आहेच. ठाऊक नसून चालेल कसं, दसऱ्याला माढ्याला आले होते तेव्हा तीन दिवस त्यांच्या तोंडात दुसरा विषय नव्हता. त्या स्टोअरात कारकून दोन. एक हे आणि दुसरा अक्कलकोटकडचा शिवयोगी. दिवाळी झाली आणि मिलमध्ये बातमी फुटली की मंदी फार आहे, एक जानेवारीपासून स्टोअरात एकच कारकून राहील, आणि कोण राहील ते रंगखात्याचा साहेब नाताळ झाल्यावर सांगेल. शिवयोगी बिचारा अडाणी. त्यानं ही बातमी ऐकली आणि खाली मान घालून जास्त काम करायला लागला. आमच्याकडं असल्या हलक्या उपायांवर विश्वास नाही.

नाताळला साहेबाच्या बंगल्यावर डाली न्यायची इथं रीतच आहे. टोपलीत केळी, संत्री, नारळ, वर झेंडूचा हार, आणि ऐपत असली तर एक कोंबडा. साहेब टोपलीला हात लावतो, बटलर टोपली आत नेतो, झाली डाली. पण ह्यांना बटलरनं कानात सांगितलं की मडमेला विलायतेची फार आठवण येते, तिच्या गावी नाताळला घरोघर बिस्किटं भाजतात आणि एकमेकांना वाटतात, विकतचं कुणी देत नाही. झालं! त्या संध्याकाळी हे घरी आले ते कायमचे कारकून होऊनच. चप्पल काढायच्या आधी म्हणाले, "यंदा आपण घरची बिस्किटं द्यायची. केळी कुणीबी देतंय." सासूबाईंनी विचारलं, बिस्कुट म्हंजी काय रं? हे म्हणाले, साहेबाची भाकरी. सासूबाई म्हणाल्या, मग भाकरीच द्यावी की, कडक करून.

मग निवड सुरू झाली. रंगाच्या खोक्यातून आलेला एक इंग्रजी कागद ह्यांनी घरी आणला, त्यावर बिस्किटांची चित्रं होती. एक झाड, एक घंटा, एक हरीण, एक चांदणी आणि एक जाडजूड पांढऱ्या दाढीचा म्हातारा. पाच दिवस जेवताना हा कागद ताटाशेजारी होता. म्हाताऱ्याला बघून सासूबाईंनी हात जोडले आणि म्हणाल्या, "ह्येंचा द्येव लई खातापिता दिसतोय." हे म्हणाले, तो देव न्हाय, देवाचा हेडक्लार्क हाय. (आमच्या घरात स्वर्गाचंही असंच खातेवार आहे.) म्हातारा कापायला अवघड म्हणून गळाला, हरणाचे पाय मोडतील म्हणून ते गेलं, घंटा उलटी धरली तर लोट्यासारखी दिसते म्हणून तीही गेली. राहिली चांदणी. मी म्हटलं, शंकरपाळीच्या आकाराची कापली तर सुरीनं भराभर होतील. हे म्हणाले, तुला काय कळतं? मी म्हटलं, बरं, आधी दहाच भाजून बघू. हे म्हणाले, तुला काय कळतं? दादा, त्या आठवड्यात हे वाक्य मी अकरा वेळा ऐकलं. शेवटी कल्हईवाल्याच्या शेजारच्या पत्रेकाराकडून रॉकेलच्या डब्याचा पत्रा कापून चांदणीचा साचा केला. त्याला पाच टोकं हवी होती, सहा निघाली. हे म्हणाले, एक जास्तीचं हाय ते मानाचं.

मैदा आणला, पिठीसाखर केली. तूप तू पाठवलेलंच, जे मी पोरींच्या पोळीला बोट बुडवून लावत होते, ते सगळं गेलं. राहिला सोडा. मी वाण्याकडचा खायचा सोडा आणायला निघाले तर ह्यांनी मला दारातच अडवलं. म्हणाले, वाण्याचा सोडा साहेबाच्या पोटाला मानवायचा न्हाय. आणि खिशातून कागदाची पुडी काढली. स्टोअरात सोड्याची मोठी पिंपं असतात, थेट विलायतेहून आलेली. सुताला रंग द्यायच्या आधी तो सोडा उकळत्या टाकीत टाकतात आणि सुताचा मळ काढतात. मी विचारलं, हा पोटात घ्यायचा असतो का? हे म्हणाले, "जो सोडा सुताला पांढरं करतो तो मैद्याला काय काळं करणार? आन् विलायती हाय." विलायती म्हटल्यावर पुढं बोलायचं काय! (अकरातलं नववं वाक्य ह्यानंतर लगेच आलं.)

चव बघून तरी कळलं असतं, म्हणशील. पण तिथं सासूबाई होत्या. त्यांचं म्हणणं असं की येशू हा देव, नाताळ हा त्याचा वाढदिवस, मग त्या दिवशी द्यायचं ते निवदाचं, आणि निवद आधी कुणी चाखत नाही. ह्यांनाही हे एकदम पटलं. आपल्या देवाला जे पाळतो ते साहेबाच्या देवाला पाळलं नाही तर साहेबाला काय वाटेल! त्यामुळं मी पहाटे डोक्यावरून अंघोळ करून, ओल्या केसांनी, तोंड मिटून पीठ मळलं. पोरींना काशम्माकडं पाठवलं, बोट चाटतील म्हणून. (काशम्मा म्हणजे शेजारची विणकरीण. तिच्या मागावर पोरी रोजच बसलेल्या असतात.)

आपल्याकडं घरात भट्टी कुठली? इथं लोक पीठ मळून बेकरीच्या भट्टीवर नेतात, पत्र्याच्या ताटात मांडतात आणि भट्टीवाल्याकडून भाजून आणतात. मीही नेलं, आणि पहाऱ्याला सासूबाई आल्या. चांदण्या आत गेल्या तेव्हा चांदण्या होत्या. बाहेर आल्या तेव्हा टोकं फुगून सगळ्या थापलेल्या गोवऱ्यांसारख्या गोल, आणि रंग हळदीचा. भट्टीवाले चाचा ताटाकडं बघतच राहिले. वास घेतला, पुन्हा घेतला. मग एक उचलायला हात पुढं केला तर सासूबाईंनी पदर ताटावर टाकला. चाचा म्हणाले, "अम्मा, चाखे बगैर मेरी भट्टी से माल नै जाता." सासूबाई म्हणाल्या, निवद हाय, हात लावू नगा. चाचा म्हणाले, मग निदान माझ्या भट्टीचं नाव सांगू नका. त्या माणसाला अब्रूची चाड होती, एवढंच म्हणते.

नाताळच्या सकाळी हे काळा कोट घालून, माझ्या रुखवतातल्या पितळी डब्यात बिस्किटं भरून, त्यावर क्रोशाचा रुमाल टाकून गेले. बंगल्यावर डालीवाल्यांची रांग होती. शिवयोगीनं नेहमीसारखी केळी आणि कोंबडा आणला होता. तो कोंबडा सुटून मडमेच्या न्हाणीघरात शिरला तेव्हा हे मनात म्हणाले, एक माणूस कमी झाला. मग ह्यांचा डबा उघडला. घरची बिस्किटं बघून मडमेच्या डोळ्यात खरंच पाणी आलं म्हणे. तिनं सगळ्यांना थांबवून एक स्वतः घेतलं, एक साहेबाच्या हातात दिलं. तिनं एक चावा घेतला, गोड हसली, आणि उरलेलं हळूच कुंडीत ठेवलं. साहेबानं मात्र पुरं खाल्लं. आता हा साहेब कसला, तर टाकीतलं सोड्याचं पाणी किती कडक झालंय ते बोट जिभेला लावून सांगणारा. हे कौतुक आमच्याच घरात मी शंभरदा ऐकलंय. अख्ख्या सोलापुरात ज्याला तो सोडा नुसत्या जिभेनं ओळखता येतो असा एकच माणूस, आणि आम्ही शोधून त्यालाच खाऊ घातलं. त्यानं डोळे मिटले, टाकीजवळ मिटतो तसेच, आणि ह्यांचं नाव घेऊन (ते मी लिहीत नाही) म्हणाला, "ये कौनसे पास पर बाहर गया?"

मिलची रीत अशी की चिमूटभर जिन्नससुद्धा गेटपासशिवाय फाटकाबाहेर गेला की ती चोरी. तो पास लिहिणारे कोण, तर हेच. तेव्हा ह्यांना आता घरी बसायला सांगितलंय, आणि एक तारखेपासून स्टोअरात शिवयोगी राहील. कोंबड्याबद्दल त्याला कुणी काही बोललं नाही. डब्यात न मावलेली बिस्किटं घरी होती, ती आम्ही शेजारीपाजारी वाटली, कारण सासूबाई म्हणाल्या, परसाद ठिवू न्हाय. काशम्मा तिच्या तेलुगूत "बागुंदी, बागुंदी", म्हणजे छान छान, म्हणून घेऊन गेली, आणि दुपारी तिच्या दारात कोंबड्या एक चांदणी पायानं इकडून तिकडं लोटत होत्या, चोच कुणी लावत नव्हतं. तूप आणि सोडा एकत्र शिजवला की साबण होतो, हे मिलच्या माणसाला मी काय सांगणार? मला काय कळतं!

बाकी ठीक. पोरी तुझी आठवण काढतात. थोरांना दंडवत, लहानांना मुके, म्हशीच्या पाठीवरून माझा हात फिरव.

तुझी धाकटी,
गोजर

ता. क. : खरं पत्र इथून सुरू होतं. टेंभुर्णीच्या मोटारवाल्याला उतारूंच्या चिठ्ठ्या फाडायला आणि हिशेब लिहायला माणूस हवा होता, असं तू दसऱ्याला म्हणाला होतास आणि हे तेव्हा हसले होते. ती जागा अजून असेल तर ह्यांच्यासाठी धर. पण कळव नको, स्वतः ये. आणि म्हण, "दाजी, मोटारवाल्याला शबूद दिलाय आन् माणूस मिळंना, मी लई अडचणीत हाय, तुमीच आता उपकार करा." मी लिहिलं म्हणून सांगशील तर हे जन्मात यायचे नाहीत. चार दिवस झाले, माणूस कोट घालून ओट्यावर बसतो, भोंगा झाला की उठतो, आणि परत बसतो. मला ते बघवत नाही.

आणखी ता. क. : हे वहिनींना वाचून दाखवू नकोस. भट्टीवर सासूबाई पाणी प्यायला गेल्या तेव्हा चाचांनी एक फुटकं बिस्किट माझ्या हातावर ठेवलं आणि मी ते खाल्लं. दादा, जीभ पोळली. चाचा माझ्या तोंडाकडं बघत होते, मी म्हटलं, चांगलं झालंय. त्या अकरा वेळांचा राग होता रे माझ्या मनात. म्हटलं, एकदा तरी साहेबासमोर ह्यांचं तोंड वाकडं होऊ दे. चाकरी जाईल असं देवाशपथ वाटलं नव्हतं. नाताळच्या दुसऱ्याच दिवशी शिवयोगी पितळी डबा परत द्यायला आला तेव्हा त्यानं सांगितलं की साहेबानं ह्यांना विचारलं होतं, घरात बाईनं चुकून धुण्याचा सोडा घातला का? नुसतं 'व्हय' म्हटलं असतं तरी सुटले असते. हे म्हणाले, "न्हाय साहेब, तिला कायबी ठावं न्हाय, सोडा मी नेला." घरी येऊन ह्यातलं एक अक्षर बोलले नाहीत. तेव्हापासून मी त्यांना दोन वेळा पोटभर गोड करून घालते आहे आणि ते रोज विचारतात, आज सण कोणता? लवकर ये.