ना गाडी, ना भांडण

शनिवार, ७ जून

...तर मुद्दा तोच, की लोक भांडतात ते गाडीत. कोणी चालवायचं, कुठे वळायचं, पार्किंग कुठे. सायकलवर भांडायला कुणाकडे दमच उरत नाही. म्हणून मी मारिटला सायकल टूर सुचवली. दक्षिण लिम्बुर्ख, देशाचं पार खालचं टोक, एक आठवडा. एकही गाडी लागणार नाही असे रस्ते शोधून काढलेत. गाई लागतात, पण त्या हॉर्न मारत नाहीत.

मारिट पुढच्या महिन्यात माझ्या फ्लॅटवर राहायला येणार आहे. म्हणजे येणार की नाही ते या आठवड्यात ठरवणार आहे. तिचं म्हणणं, आधी आठ दिवस चोवीस तास एकत्र काढून बघू. फेअर आहे. एकही भांडण झालं नाही की पास. असं ती म्हणाली नाहीये, पण ऑब्व्हियसली तेच. तिच्या कपाटासाठी मी भिंत मोजून ठेवलीय.

रूट रेडी. वळणावळणावर सायकलवाल्यांसाठी नंबरचे खांब आहेत, त्यांचे आकडे चिकटपट्टीवर लिहून हँडलला लावले. खांबापाशी थांबायचं, पुढच्या आकड्याचा बाण बघायचा, निघायचं. फोन बघावा लागत नाही. बोलावंही लागत नाही.

रविवार, ८ जून

इथले लोक याला डोंगर म्हणतात. मी अल्मेरेचा, समुद्रसपाटीच्याही खाली वाढलेला, तरी मला काही वाटलं नाही. रस्त्याला जरा पोट सुटलंय, एवढंच.

मी पुढे, मारिट मागे. प्रत्येक खांबापाशी मी थांबतो, ती आली की सांगतो, आता अडुसष्ट. ती म्हणते, अडुसष्ट. मग निघतो. कम्युनिकेशन एकदम टॉप. दिवसभरात एकही गैरसमज नाही.

उजव्या हाताची करंगळी बधिर. हँडलमुळे. होते म्हणे सवय.

भांडण: नाही.

सोमवार, ९ जून

सुट्टी, त्यामुळे सगळे म्हातारे बाहेर. बॅटरीच्या सायकलींवर. चढावर एका आजोबांनी मला गाठलं आणि शेजारून जाताना विचारलं, काय रे पोरा, चाकात हवा कमी आहे की तुझ्यात? त्यांची बायको मागून म्हणाली, अहो सोडा त्याला, रडेल. बॅटरीवाल्यांशी मी वाद घालत नाही. मागे वळून पाहिलं तर मारिट हसत होती. बऱ्याच दिवसांनी. म्हणजे मूड चांगला आहे.

राहायला आठवडाभर एकाच ठिकाणी, वैनांदाबाईंकडे. वरच्या मजल्यावर खोली, खाली त्यांचं स्वयंपाकघर. जेवताना त्यांनी विचारलं, लग्नाला किती वर्षं झाली? मारिट म्हणाली, अहो झालंच नाही. बाई म्हणाल्या, मग असे गप्प कसे जेवता? आम्हाला इथवर यायला चाळीस वर्षं लागली.

हे मी सर्टिफिकेट समजतो.

मंगळवार, १० जून

वारा पश्चिमेचा. डोकं खाली घालून मस्त लय लागली. चौथ्या खांबाला थांबलो, अडतीस म्हटलं, आणि मागे कोणीच नाही.

अर्ध्या तासाने आली. एका शेताच्या फाटकापाशी कोणीतरी चेरी विकायला ठेवल्या होत्या, शेजारी पैशांचा डबा. तिने घेतल्या आणि तिथेच गवतात बसून खाल्ल्या. अरे, तीनदा हाक मारली, म्हणाली. मी म्हटलं, वारा होता. ती म्हणाली, वारा होता, बरोबर. पिशवीत माझ्यासाठी आणल्या होत्या, पण हँडलला आपटून त्यांचं सरबत झालं होतं.

मग म्हणाली, ती पट्टी काढून टाक ना, रस्ता नेईल तिकडे जाऊ. मी लगेच हो म्हटलं. हट्टी माणूस नाही मी. प्लॅनमध्ये टाकलं. गुरुवार, दुपारी दोन ते तीन, वाटेल तिकडे.

भांडण: नाही. दोन्ही करंगळ्या बधिर.

बुधवार, ११ जून

मोठा चढ. आज ठरवून तिच्याबरोबर चालवली, शेजारी शेजारी. रस्ता रिकामा, दोन्हीकडे उंच मातीचे काठ, वर झाडं. कोणी ऐकणारं नाही. मध्येच ती म्हणाली, युरे, मला ना भीती वाटतेय. मी म्हटलं, गिअर खाली घे. तिने घेतला. वरपर्यंत न थांबता चढली.

म्हणजे प्रॉब्लेम सुटला. असं वेळच्या वेळी सांगितलं की बरं असतं.

रात्रीचं जेवण, बटाटे आणि काहीतरी. चव आठवत नाही. बुडाखालचंही आता काही कळत नाही. सायकलवर आहे की खुर्चीवर, एकच.

गुरुवार, १२ जून

दोन ते तीन, वाटेल तिकडे. मी एक बाक बघून ठेवला होता.

मारिट बाकावर बसली नाही. गवतात आडवी पडली. मी घड्याळ बघत नव्हतो, फक्त पावणेतीनला बघितलं. तेव्हा तिने विचारलं, आपल्याबद्दल तुला काय वाटतं? प्लॅन नको सांगूस, वाटतं काय ते सांग.

मी खरंच शोधलं. प्रामाणिकपणे. पोटात, छातीत. बधिर करंगळी दाबली की होतं तसं, म्हणजे आहे, पण जाणवत नाही. ते कसं सांगणार? म्हणून म्हटलं, छानच वाटतंय, वाराही पडलाय.

ती म्हणाली, हं.

उद्यापासून जास्त बोलायचं. रोज किमान दोन विषय.

भांडण: नाही. खरं तर आता ते होणं शक्यच वाटत नाही.

शुक्रवार, १३ जून, सकाळ

मारिट म्हणाली, आज तू एकटा जा. चार वाजता ऐंशी नंबरला ये. मी तिथे असेन, काय ठरवलं ते सांगते. म्हणाली आणि माझ्या जॅकेटची चेन वरपर्यंत लावून दिली. हे चांगलं लक्षण आहे.

आता, ऐंशी नंबरचे खांब दोन आहेत. आकडे नव्व्याण्णवला संपतात आणि पुढच्या भागात परत सुरू होतात. एक ऐंशी इथेच, वैनांदाबाईंच्या घरामागे, बेकरीशेजारी. चालत पाच मिनिटं. दुसरा उत्तरेला, अर्ध्या दिवसाच्या अंतरावर. एवढी मोठी गोष्ट कोणी घरामागे सांगत नाही. तिला माझी परीक्षा घ्यायची आहे. ती ट्रेनने पुढे जाईल. मारिट रोमँटिक आहे, दाखवत नाही.

फोन खोलीत ठेवतोय. लक्ष विचलित नको.

शुक्रवार, रात्र

पावणेचारला पोहोचलो. शेत, खांब, एक वासरू. सहा वाजेपर्यंत थांबलो. परत यायला अंधार झाला.

मारिट खाली सायकलवर बॅगा बांधत होती. चिडलेली नव्हती. म्हणाली, मी दोन तास बसले होते रे. बेकरीतून व्लाय घेतली होती, तो इथला भाताचा केक, दोघांसाठी. कुठे होतास? मी सांगितलं. तिने बॅगेचा पट्टा आवळला. म्हणाली, तुला वाटलं मी तुला तिथे बोलवेन? मग म्हणाली, सकाळी मी हो म्हणणार होते. बसल्या बसल्या विचार केला. तू तेव्हा आला असतास तरी मी वाटच बघत बसले असते. तुझ्या घरातसुद्धा. मी नाही येत, युरे.

मी म्हटलं, ठीक आहे.

स्टेशनला जायला आधी चौऱ्याऐंशी, मग पाच, हेही सांगितलं. ती म्हणाली, माहीत आहे. तुला काहीच नाही का रे वाटत? मी म्हटलं, हात बधिर आहेत, डॉक्टरला दाखवीन. तिने माझा हात जरा वेळ धरला. धरलेला दिसला.

दारातून वैनांदाबाई म्हणाल्या, मुली, दिवा लाव सायकलचा. तिने लावला आणि गेली. मी आत आलो तर बाई म्हणाल्या, पोरा, व्लायचे दोन्ही तुकडे तिनेच खाल्ले, तुला काही उरलं नाही, सूप देऊ का? घेतलं. गरम असावं, कारण बाई म्हणाल्या, फुंकून पी.

शनिवार, १४ जून

आढावा. पूर्ण आठवडा. गाड्या: शून्य. भांडणं: शून्य. कालचं धरलं तरी शून्य, कारण कोणी आवाज चढवला नाही. म्हणजे जे ठरलं होतं ते झालंय. मग ती नाही कशी म्हणू शकते ते मला कळलेलं नाही. कपाटाच्या भिंतीला सध्या हात लावणार नाही.

दुपारी बेकरीवरून व्लाय घेतली, दोन तुकडे, आणि घरामागच्या ऐंशी नंबरला येऊन बसलो. साडेतीनलाच आलो. बाक चांगला आहे. इथून आमची खोली दिसते, खिडकीसुद्धा. रस्ता एकदम शांत. चार वाजले. कोणीही आलं नाही, गाय पण नाही.

एक तुकडा खाल्ला. दुसरा ठेवलाय.

तिला फोन करून सांगावं म्हणतो, की मी आलोय. जागा बरोबर, वेळ बरोबर, फक्त दिवस चुकला. हे कोणी वाचणार नाही, तरी विचारतो. एवढं चालतं ना? तुम्हाला काय वाटतं?