न गळता संपणारं तेल

तीर्थरूप काका,

तुम्हाला आणि काकूंना वाकून नमस्कार. (कंबर धरल्यामुळे प्रत्यक्षात मला वाकता येत नाहीये. पण तो वाकूनच केला असं समजा.) काकूंचा गुडघा कसा आहे? त्यांना ऊठसूट जिने चढायला लावू नका. इकडे मी बरी आहे, बाबा बरे आहेत, आणि तुम्ही गुरांची डॉक्टरकी सोडताना तिच्यासकट माझ्या हवाली केलेली जीपही आता बरी आहे. मध्यंतरी मात्र आम्हा तिघांत जास्त आजारी कोण, हे सांगणं अवघड झालं होतं.

सुरुवात चढावर झाली. चारही चाकांना जोर देणारा तो छोटा दांडा पुढे ढकलला की खालून पोट फुगलेल्या गाईसारखं कण्हणं ऐकू यायचं, आणि दांडा मागे घ्यायला दोन्ही हात लावावे लागायचे. नाक्यावरच्या मिस्त्रीला दाखवलं. तो म्हणाला, ट्रान्सफर केसमधलं तेल कमी झालंय. (गिअरबॉक्सच्या पाठीला चिकटलेला तो लोखंडी डबा हो, इंजिनाची ताकद पुढच्या-मागच्या चाकांना वाटून देणारा. तुम्हाला काय सांगायचं म्हणा, पण काकू पत्र मोठ्याने वाचून घेतात म्हणून लिहिलं.) त्याने लाल, पातळ तेल भरलं, वरचं बूच आयुष्यात पुन्हा कोणी उघडू नये अशा बेताने आवळलं, आणि जाताजाता "ताई, विकून टाका आता" असा आशीर्वाद दिला. थोड्याच दिवसांत कण्हणं परत सुरू.

हे मी जेवताना सहज बोलून गेले, आणि बाबांनी मान वर केली. काका, तुम्हाला फोनवर सगळं सांगता येत नाही, पण आई गेल्यापासून बाबा खिडकीपाशी खुर्ची टाकून नुसते बसायचे. ताटात वाढलं तर जेवायचे, विचारलं तर "हं" म्हणायचे. आणि त्या दिवशी एकदम, "विका म्हणाला? माझ्या धाकट्या भावाची गाडी?" दुसऱ्या दिवशी सकाळी बघते तर हे जीपखाली, नुसते पाय बाहेर! मी घाबरून हाक मारली, तर आतून आवाज आला, "पक्ष : तेल भरलं होतं. साध्य : ते गेलं कुठे." जन्मभर भूमिती शिकवलेला माणूस, दुसरं काय बोलणार?

मग सिद्धतेला सुरुवात झाली. बाबांनी फ्रीजचं जुनं खोकं फाडून जीपखाली अंथरलं. रोज सकाळी दात घासायच्या आधी ते त्या पुठ्ठ्याची पाहणी करायचे. एक थेंब नाही. तेल गळत नाही आणि जीप तर कण्हतेय, म्हणजे तेल कोणीतरी काढून नेतं, असा निष्कर्ष निघाला आणि फाटकाला कुलूप बसलं. (किल्ली बाबांच्या खिशात. वर्तमानपत्रवाला आता आमच्याकडे अंक भिंतीवरून फेकतो, आणि तो नेमका कुंड्यांत पडतो.) शेजारच्या शिंपीणबाईंना त्यांनी विचारलं, रात्री काही खुडबुड ऐकू येते का. त्या म्हणाल्या, येते, पण ती तुमचीच.

शेवटी नेमकं किती तेल उरलंय ते मोजायचं म्हणून बाबांनी मला न विचारता खालचं बूच उघडलं आणि सगळं तेल भगुण्यात काढलं. (भगुणं दुधाचं होतं. तो विषय वेगळा.) निघालं जेमतेम तळ झाकण्यापुरतं. आता नवं तेल भरायला वरचं बूच उघडायला गेलो, तर ते मिस्त्रीने आवळलेलं बूच जागचं हलेना. आधी वरचं सुटतंय का बघावं आणि मगच खालचं काढावं, हे शहाणपण आम्हाला त्या क्षणी, एकत्रच सुचलं. आणि तेवढ्यात फोन. ओढ्यापलीकडच्या विधवा बाईंची एकुलती एक गाय अडली होती, वासराचा एकच पाय बाहेर दिसत होता.

काका, बाबांचा चेहरा त्या वेळी बघवत नव्हता. हातातला पाना खाली ठेवला आणि म्हणाले, "माझ्यामुळे गाय जाईल." मी म्हटलं, जायची नाही, पण तुम्ही बरोबर चला, मला हात हवेत. जीप तेलावाचून उभी, म्हणून रस्त्याने जाणारा विटांचा ट्रॅक्टर थांबवला. तुमच्या थोरल्या भावाला ट्रॉलीत चढताना पाहिलंय कधी? एका हातात माझी पेटी, दुसऱ्या हातात चष्मा. ओढ्यातल्या धोंड्यांवरून ट्रॉली अशी उडाली की माझ्या कमरेचा निकाल तिथेच लागला.

वासराचा दुसरा पाय आत दुमडला होता. तो सरळ करून मी दोर बांधले आणि बाबांच्या हातात दिले. त्यांना सांगितलं, गाय कळ देईल तेव्हाच ओढायचं, ती थांबली की थांबायचं. जन्मात कोणाचं न ऐकलेले बाबा गाईचं निमूट ऐकत होते. तिच्या पाठीवर गाल टेकून म्हणत होते, "दम घे बाई, घाई नाही." वासरू बाहेर आलं तेव्हा ते निपचित होतं. मी नाकातोंडातला चिकटा काढला, बाबांनी गवताच्या पेंढीने त्याची छाती चोळली, चोळतच राहिले, मी पुरे म्हणेपर्यंत आणि म्हटल्यावरही. मग ते शिंकलं. बाबा चिखलातच फतकल मारून बसले आणि रडले. आई गेली तेव्हाही रडले नव्हते. त्या बाईंनी काही न विचारता त्यांच्या हातात पाण्याचा तांब्या दिला. मी पेटी आवरत राहिले.

दुसऱ्या दिवशी पान्याला लांब पाइप लावला, पाइपाला वासराचे दोर, आणि आम्ही दोघांनी ओढलं. (बाबा बुचालाही म्हणाले, "दम घे.") ते सुटलं. मग बाबा म्हणाले, आलोच आहोत तर शेजाऱ्याचंही दार वाजवून बघू, आणि त्यांनी गिअरबॉक्सचं बूच सैल केलं. धो धो तेल त्यांच्या चष्म्यावर, मिशीवर, शर्टावर! गिअरबॉक्समधलं तेल मधासारखं असायला हवं, ते पातळ आणि लालसर! दोन डब्यांमधलं रबरी सील फाटलं होतं आणि इकडचं तेल गुपचूप तिकडे जात होतं. बाहेर थेंब पडणार कसा? काखेत कळसा आणि फाटकाला कुलूप! बाबा मिशी पुसत म्हणाले, "चोर घरातलाच निघाला." आणि काका, ते हसले. सील बदललं, दोन्ही डब्यांत ज्याचं त्याला तेल भरलं. आता जीप चढावरही हूं की चूं करत नाही.

काकूंना सांभाळा.

तुमची,
पुतणी

ता. क. पत्राचं खरं कारण लिहायचं राहिलं. जीप बरी झाल्यापासून बाबा परत खिडकीपाशी बसायला लागलेत. तुम्ही त्यांना सहज म्हणून फोन करा आणि त्या जीपला आणखी एखादं जुनं दुखणं होतं असं सांगा. स्टिअरिंगचं चालेल. जिवावरचं नको, पण चिवट हवं.

ता. क. दुसरा : फोन करू नका. पाकीट चिकटवणार तोच बाबा येऊन म्हणाले, पुढच्या चाकापाशी टकटक आवाज येतो. मी त्यांच्याबरोबर चक्कर मारून आले. मला काहीच ऐकू आलं नाही. मी म्हटलं, हो बाबा, येतोय खरा. पुठ्ठा परत अंथरला गेलाय.

ता. क. तिसरा : आज पोस्टात जाताना जीपमध्ये एकटीच होते. काका, आवाज खरंच येतोय. तुम्हीच या.