फटफटीची ठक

प्रिय मामा,

खंडेनवमीला मी तुमची फटफटी चालवली. आधी हे सांगून टाकतो, म्हणजे पुढचं लिहायला सोपं जाईल.

तुम्ही आषाढात गेलात. वर्षाच्या आत सण करायचा नाही, तरी मामीनं त्या दिवशी कात्र्या, शिवायचं मशीन आणि फटफटी पुसून झेंडू वाहिले. "हत्यारांना कसलं सुतक," म्हणाली. त्या दिवशी हत्यारं झोपतात, साधी कात्रीही वाजवायची नाही, हे मला तुम्हीच शिकवलेलं. आणि मी काय केलं? जेवून मामी आडवी पडली, तशी फटफटी ढकलत मोहल्ल्याबाहेर नेली आणि येलवालचा रस्ता धरला.

का नेली? तीन महिने तो आवाज ऐकला नव्हता, मामा. फटफट सगळ्याच करतात. तुमची मधूनच ठक करायची. फट-फट-फट-ठक. इंजिनातल्या एरंडेलाच्या वासाच्या आधी ती ठक गल्लीत शिरायची.

परत येताना आपल्या दुकानाच्या चार पावलं अलीकडे ती जोरात ठकठकली आणि जागीच अडली. मान वर केली तर मामी दारात. हातात पाण्याचा तांब्या. तुम्ही आलात की पाय धुवायला आणायची, तसा. ठक ऐकून, झोपेतून उठून सवयीनंच भरला असणार. तिनं मला बघितलं, मग तांब्याकडे. पाणी पायरीवर ओतलं आणि आत गेली. चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

संध्याकाळी एवढंच विचारलं, "रंग्या, तेल दिलेलंस ना रे?"

"दिलेलं की."

दिलं नव्हतं. तुम्ही प्रत्येक मैलाच्या दगडाला तेलाचा हातपंप दोनदा दाबायचात. मी मागे बसून हसायचो, मामा दगडांना नमस्कार करतात म्हणून. त्या दिवशी वारा लागला आणि मी एकदाही दाबला नाही.

शिवण्णा मिस्त्रीकडे ढकलत नेली. त्यानं वरवर बघूनच हात झटकले. "साकु रे, पुरे झालं हिचं. एका कॉफीमळेवाल्या साहेबाची गाडी खड्ड्यात पडली, तिचं इंजिन आहे माझ्याकडे. तेच बसवतो. आवाज नाही, काही नाही."

मामीला विचारलं. "बसव की नवं," ती म्हणाली. "त्या म्हाताऱ्या गाडीवरून तू कुठं पडलास म्हणजे?" बोलताना तिचा हात बटणांच्या डब्यात फिरत होता, आणि काढत काहीच नव्हती. मी मिस्त्रीला हो म्हणून आलो.

दुसऱ्या दिवशी गेलो तर मिस्त्रीनं सुटे भाग काढायला जुनं इंजिन उघडलेलं आणि पोट धरून हसतोय. सिलिंडरच्या खालचं पॅकिंग त्यानं माझ्यापुढे धरलं. तेल पिऊन काळं झालेलं, पण कागद मी ओळखला. तुमचा कपडा बेतायचा खाकी कागद. कडेला तुमची पेन्सिल: बाही साडेपाच, दंड नऊ. मामीच्या चोळीचं माप.

आणि मामा, स्वतः कापलेल्या त्या पॅकिंगला तुम्ही आतून माया ठेवलेली. चोळीच्या शिवणीत जादा कापड ठेवतात तशी, चांगली दोन सूत.

"तुझा मामा शिंपी तो शिंपीच," मिस्त्री डोळे पुसत म्हणाला. "बाई जाडी होते, तिची चोळी उसवावी लागते. इंजिन जाडं होतं का रे?"

ती जादा पट्टी तेलाच्या भोकावर अर्धी आलेली. म्हणून तेल कमी, म्हणून झीज, म्हणून ठक. म्हणूनच तुमचा पंप दोनदा. तुम्हाला हे ठाऊक होतं का हो? परत उघडायची लाज वाटली? मला तरी सांगायचं होतं. मी हवालदाराच्या कोटाच्या बाह्यांची तोंडं शिवून टाकलेली, तेव्हा तुम्ही मशीनमागे तोंड लपवून हसलात ना? तसा मीही लपून हसलो असतो.

"हेच इंजिन दुरुस्त कर," मी म्हटलं.

"हुच्चा! वेडा आहेस का? पिस्टन बेंगळूरहून यायचा. आणि दुरुस्त केलं काय, बदललं काय, ती ठक जाणारच."

"जाऊ दे. इंजिन हेच पाहिजे."

का, ते मला सांगता आलं नाही. कागदावर तुमची पेन्सिल होती, एवढंच.

नवं पॅकिंग मीच कापलं, माया न ठेवता. परवा फटफटी घेऊन गल्लीत शिरलो. मामी दारात आली, कान देऊन ऐकलं. "चांगली चालते," म्हणाली आणि आत वळली. ते तिचं वळणं मला दोन दिवस दिसतंय.

तुम्ही म्हणायचात, रंग्याचं डोकं फक्त खोड्यांत चालतं. मग चालवलं. आज तुमचं शिवताना बोटात घालायचं पितळी अंगुस्तान सीटखालच्या पत्र्याच्या डब्यात टाकलं आणि एक चक्कर मारून आलो. फट-फट-फट-ठक. अगदी तशीच नाही, जरा बारीक आहे.

मामी दारात उभी. हातात तांब्या.

"आता वाजतेय बरोबर," म्हणाली. "मिस्त्रीच्या हाताला गुण आहे." आणि तांब्या माझ्यापुढे धरला. "बघतोस काय? पाय धू."

म्हणून लिहायला बसलो, मामा. तुमच्याशिवाय हे सांगू कुणाला?

यापुढे दर दगडाला पंप दाबीन. आता एकदाच पुरतो, पण मी दोनदाच दाबणार, धूर झाला तर होऊ दे. पुढच्या खंडेनवमीला फटफटी दिवसभर झोपलेली असेल, शब्द देतो.

उद्या मामी अंगुस्तान शोधेल. मीही तिच्याबरोबर शोधीन. तुम्ही तिच्या स्वप्नात जात असालच. तेल दिलं नव्हतं ते खुशाल सांगा, शिव्या खाईन. पण ते डब्यातलं नको. पाया पडतो मामा, तिला नको, कुणालाच नका सांगू.

तुमचा, अजून बटणांची काजं वाकडीच करणारा,
रंग्या