झाडाचा कौल

बाबा, ती फळं वाऱ्याने गेली नव्हती, हे मला परवा कळलं. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की तुमच्यावर रागवायची सवयही मोडली होती. श्राद्धाच्या दिवशी तुमच्या आवडीचं कुर्ल्यांचं सांबार करता येत नाही म्हणून थोडं वाईट वाटायचं, इतकंच. परवा सकाळी मी बाल्कनीत अव्होकाडोच्या फुलांवरून बारीक ब्रश फिरवत होते आणि आई खुर्चीत बसून चहात खारी बुडवत होती. "ह्या काय करतंस गो?" तिने विचारलं. मी सांगितलं की ह्या झाडाचे पराग त्या झाडाच्या फुलांना लावते, म्हणजे फळ धरतं. तिने खारी संपवली, बोटं पुसली आणि म्हणाली, "धरलेली कोणी काढूक नाय म्हणजे झाला." मी हसले. म्हटलं, इतक्या वर चढून कोण येणार काढायला? तर म्हणते, "तुझ्या बापाशीन नाय काढल्यान? गच्चीवरची?" इतकं सहज, की मला आधी कळेचना. तिला वाटत होतं, ही गोष्ट मला केव्हाच कळली असेल. 

गच्चीवरच्या त्या झाडाची बी तुम्ही आणलीत तो दिवस मला अजून दिसतो. गिरणी बंद पडून तुम्ही फोर्टकडच्या एका मोठ्या हॉटेलात भाजी चिरायला लागला होता, आणि रोज काहीतरी नवल घेऊन घरी यायचात. कधी जांभळ्या कोबीचं पान, कधी बोटाएवढा टोमॅटो. त्या दिवशी रुमालाची गाठ सोडून तुम्ही सुपारीपेक्षा चांगली मोठी, तपकिरी, गुळगुळीत बी माझ्या हातावर ठेवता. "बटर फ्रूट म्हणतत ह्येका. साहेब लोक पावाक लावून खातत." आपण तिला तीन टूथपिक टोचून काचेच्या पेल्यावर बसवतो, बूड पाण्यात, टोक वर. महिनाभर काहीच होत नाही. पाण्याला वास येतो, आई रोज तो पेला मोरीत रिकामा करायची धमकी देते, आणि तुम्ही रोज पाणी बदलून तो परत खिडकीत ठेवता. मग एक दिवस बी मधोमध तडकलेली दिसते आणि खालून पांढरं मूळ डोकावतं. तुम्ही मला शाळेच्या गणवेशात तसंच उचलून चाळभर फिरवलं होतंत. मूळ फुटलं होतं बीला आणि मिरवणूक माझी निघाली होती.

फळ म्हणून जे असतं ते आपण त्यानंतर खाल्लं. तुम्ही एक अतिपिकलेलं घेऊन आलात आणि आईने ते नारळाच्या रसासारखं दाट होईल म्हणून सरळ बांगड्याच्या कढीत घोटलं. शिजवल्यावर ते कडू होतं हे कुणाला माहीत! तिघांनी कडू कढी मुकाट्याने संपवली, आणि शेवटी तुम्ही म्हणालात, "साहेब लोकांका औषदच लागता." आई इतकी हसली की तिला ठसका लागला. रोप मात्र डालड्याच्या डब्यात सरसरून वाढलं. मग अर्ध्या कापलेल्या निळ्या पिंपात गेलं, गच्चीवर टाकीच्या आडोशाला. मे महिन्यात गावाहून येताना तुम्ही आंब्याच्या पेटीऐवजी तांबड्या मातीची गोण डोक्यावरून आणलीत, आणि करी रोडच्या नाक्यावर जो तो विचारत होता की आत काय आहे. पानांची टोकं उन्हाने करपायला लागली तेव्हा तुमच्या लुंगीचा मांडव बांधला. माझ्या वाढदिवसाला तुम्ही म्हणालात, ह्या तुझा झाड. भेट म्हणून मला तेवढं एकच काय ते मिळालं, आणि मी त्यावर खूश होते. मैत्रिणींना सायकली होत्या, माझ्याकडे झाड होतं.

वाढलं, पण धरेना. तेव्हा तुम्ही गावची तऱ्हा काढलीत. न धरणाऱ्या फणसाला आपल्याकडे भिववतात तशी. तुम्ही कोयता घेऊन पिंपापाशी उभे राहता, बुंध्यावर हलकेच टेकवता आणि आवाज चढवता, "देतंस की नाय? नायतर ह्यो बघ, तोडतंय!" आणि मी मध्ये पडायचं असतं. मी तुमचा हात धरते आणि घोकलेलं म्हणते, "नको तोडू, नको तोडू, फुडच्या वर्साक देतला." शेजारच्या बायका कपडे वाळत घालता घालता हसतात. मला हसू येत नाही. मी झाडाला जामीन राहिलेली असते, त्यामुळे त्याने दिलं नाही तर शरम मला वाटणार असते. एका वर्षी ते फुललं, बारीक पोपटी फुलांनी. मी निरखून निरखून शोधून काढलं की फूल एकदा उघडतं, मिटतं आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा उघडतं. तुम्हाला सांगितलं तर म्हणालात, "दुपारी झोपूक जाता दुकान बंद करून." त्या वर्षी सगळी फुलं गळाली, पण मला झाडांचं वेड लागलं ते कायमचं.

दहावीनंतर मी म्हटलं, बारावी झाली की मला कोकणात शेतकी कॉलेजात जायचंय, होस्टेलवर राहून. तुम्ही खूप वेळ तंबाखू मळत राहिलात. आपल्या घरात मोठं काही ठरवायचं तर गावच्या देवळात कौल लावायचा, हे मला माहीत होतं. पाषाणाला ओल्या फुलांचे कळे चिकटवायचे, उजवा पडला तर हो, डावा पडला तर नाही. गिरणी पुन्हा सुरू व्हायची वाट बघावी की नाही, आईचं ऑपरेशन करावं की नाही, सगळ्याला कौल. मला वाटलं, आता गावाला पत्र जाणार. पण तुम्ही म्हणालात, "देवाक कित्याक त्रास? तुझ्या झाडाचो कौल घेवया. बारावीपर्यंत धरला आणि पेपर सरापर्यंत झाडार रवला तर तू जा. मी स्वता पोचवतंय." मी आनंदाने उडाले. मला ते बरोबरच वाटलं. झाड माझं, विषय झाडांचा, मग कौल दुसऱ्या कुणाचा घ्यायचा? त्या दोन वर्षांत मी बारावीचा अभ्यास केला त्याहून जास्त त्या पिंपाची सेवा केली. शेणखत कुठून आणायचं, तर शिवडीच्या एका तबेल्यातून पिशवीत भरून, बसमध्ये लोकांच्या शिव्या खात.

आणि बारावीच्या वर्षी ते धरलं, बाबा. वाटाण्याएवढी, मग बोराएवढी, चकचकीत हिरवी. मी तुम्हाला ओढत गच्चीवर नेलं होतं. तुम्ही फांदी हातात धरून पाहत राहिलात आणि म्हणालात, "धरला म्हणायचा." मला तुमचा आवाज अभिमानाचा वाटला होता. शेवटचा पेपर देऊन आले, दप्तरही न टाकता वर गेले, तर फांद्या मोकळ्या. एकही नाही. तुम्ही टाकीला टेकून बसला होता. "वाऱ्यान गेली, बाय. कावळे बी हुते." मी रडत रडत पिंपामागे, पायपांखाली शोधलं की पडलेलं एखादं तरी सापडावं. गच्ची स्वच्छ झाडलेली होती. तुम्ही जन्मात कधी झाडू हातात धरला नव्हता, आणि एवढी हुशार म्हणवणारी मी, मला ते दिसूनही दिसलं नाही. त्यानंतर तुम्ही जे केलंत ते मला परवापासून झोपू देत नाही. तुम्ही खाली जाऊन कोयता आणलात. माझी समजूत काढायला म्हणून बुंध्यावर टेकवलात आणि माझ्याकडे बघत थांबलात. आणि मी हुंदके देत तुमचा हात धरला आणि म्हटलं, नको तोडू. फळं तुम्ही खुडलीत आणि माफी झाडाला मागायला लावलीत, तीही माझ्या तोंडून.

मी तुमच्यावर एका शब्दाने रागावले नाही. कौल डावा पडला, संपलं. देवाशी कोण भांडतं? इथल्याच कॉलेजात कॉमर्सला गेले, मग ऑफिस, मग लग्न. त्या उन्हाळ्यात तुम्ही सकाळ-संध्याकाळ बादल्या वाहून झाडाला पाणी घालायचात. मला वाटायचं, बिचारे बाबा, माझ्यासाठी किती करतात. पानं लोंबायला लागली तर तुम्ही आणखी पाणी घातलंत. पावसात पिंपाची भोकं बुजली आणि ते मेलं. पिंप उलटं केलं तेव्हा मुळं काळी, चिखलासारखी झालेली होती. अव्होकाडोला पाणी तुंबलेलं अजिबात सोसत नाही, हे आता मी टॉवरमधल्या गिऱ्हाइकांना रोज सांगते. हो, ऑफिस सोडून मी आता लोकांच्या बाल्कन्यांमध्ये बागा लावून देते. जे शेतकी कॉलेजात शिकले असते ते इथे चुकत चुकत, झाडं मारत मारत शिकले. चाळ पाडून तिथेच उभ्या राहिलेल्या इमारतीत आपल्याला घर मिळालं, आणि बाल्कनीत मी नर्सरीतून आणलेली दोन कलमं लावली आहेत, दोन वेगळ्या जातींची. एकाचं फूल सकाळी मादी म्हणून उघडतं, दुसऱ्याचं दुपारी, म्हणून दोन लागतात. आपलं झाड एकटं होतं आणि बीपासून केलेलं. तरी ते धरलं होतं.

शिकत गेल्यावर आणखी एक गोष्ट कळली, ती तुम्हाला सांगितल्यावाचून मला राहवत नाही. अव्होकाडो धरलेल्यातली बहुतेक फळं आपण होऊन टाकतो. कुंडीतलं झाड तर फारच टाकतं. तुम्ही थोडा धीर धरला असता तर कदाचित सगळीच आपोआप गळाली असती, तुमचे हात स्वच्छ राहिले असते आणि कौलही खरा ठरला असता. किंवा एक टिकलं असतं. ते एक टिकलं असतं की नाही, हे आता कुणालाच सांगता येणार नाही. तेवढंसुद्धा तुम्ही माझ्याकडे ठेवलं नाहीत. केसाने गळा कापणं म्हणतात ते हेच. परक्याने केलं असतं तर मी त्याच्या नावाने बोटं मोडून मोकळी झाले असते. गावात पाषाणाच्या कळ्याला बोट लावायची कुणाची टाप नव्हती. तुम्ही तर देवळाच्या पायरीवर चप्पल काढूनही आत जायला घाबरायचात. आणि माझ्या झाडाच्या कौलाला सरळ हात घातलात?

मी आईवर ओरडले. इतकी वर्षं का नाही सांगितलंस, म्हणून. ती गोंधळली. "माका वाटला, तुका ठावक आसा. त्येंनी सांगितल्यांनी आसतला." मग हळूहळू म्हणाली की तेव्हा ऑपरेशननंतर तिला उठवत नव्हतं, तुमची पाळी कधी सकाळची कधी रात्रीची, घर मीच चालवत होते, डबे, औषधं, पाणी भरणं, सगळं. "तुका धाडूचा नाय हुता त्येंका. पण तोंडार नाय म्हणूक जमाक नाय. त्या सांजचा जेवक नाय, टाकयेकडेच बसान हुते." मला कळवळा यावा म्हणून तिने ते सांगितलं. मला तो आला नाही. तुम्हाला नाही म्हणायचं होतं, बाबा, तर ते काम तुम्ही झाडाला का लावलंत? मी दोन्हींवर विश्वास टाकला होता. झाड न बोलता मेलं आणि तुम्ही न बोलता गेलात, आणि शेवटच्या आजारात मी तुमचे पाय चेपत असताना तुम्ही माझ्याकडे बघून डोळे मिटून घ्यायचात, त्याला मी माया समजत होते.

आई आत्ता येऊन विचारून गेली, "काय लिवतंस?" मी म्हटलं, गिऱ्हाइकाला झाडांची माहिती. तिला हे वाचून दाखवणार नाही आणि तुमच्यापर्यंत तर हे पोचायचंच नाही, म्हणून एक शेवटची गोष्ट इथे लिहून टाकते. त्या दिवशी मी पेपर देऊन आले तेव्हा फळं झाडावर असती, आणि तुम्ही टाकीला टेकून नुसतं एवढं म्हणाला असतात, "जाव नको गो बाय, माका एकट्याक झेपाचा नाय," तर मी आदळआपट केली असती, जेवले नसते, तुमच्याशी कितीतरी दिवस धड बोलले नसते. आणि राहिले असते.