चाळीस सेकंद

३ मार्च
आज लहान मुलांच्या संग्रहालयात रुजू झालो. हॉल प्रशस्त, भिंत पांढरीशुभ्र, चहा कडक. पोरं भिंतीसमोर आली की कॅमेरा त्यांना टिपणार, भिंतीवर त्यांची सावली उमटणार आणि तीच त्यांना वाकुल्या दाखवणार. सगळा कोड माझा. कॉलेजची पायरी न चढता, चाळिशीनंतर, एकट्याने शिकलोय. त्यातला स्वल्पविरामही उसना नाही. मदतीला साठीचे सुतार आहेत, सगळे त्यांना मिस्त्री म्हणतात. म्हणाले, साहेब, माझी सावली जरा बारीक दाखवा, बायको खूश होईल.

६ मार्च
नियम घातला: चाळीस सेकंद जे हललं नाही ते सामान. खुर्ची, बाक, खोकी भिंत विसरून जाते. सावली फक्त हलणाऱ्याची. मिस्त्रींनी विचारलं, आणि माणूसच हललं नाही तर? म्हटलं, पोरं चाळीस सेकंद न हलता राहिली तर मिशी उतरवीन. पोट धरून हसले.

११ मार्च
कॅमेरा अर्धा अंश तिरका होता. मिस्त्रींना तिसऱ्यांदा शिडीवर चढवलं. शिडी धरा म्हणाले, मी म्हटलं, मला आकडे बघायचेत.
पडले. डोक्याला मार. दवाखान्यात नेईपर्यंत सगळं आटोपलं होतं. संग्रहालयाच्या बाईंना सांगितलं, मी चहाला गेलो होतो.

१५ मार्च
हॉल रिकामा, तरी भिंतीवर आडवी सावली. कारण साधं आहे. त्या दिवशी निपचित पडलेल्या मिस्त्रींना भिंतीने सामान समजून हॉलचाच भाग धरलं. आता ते तिथे नाहीत, तर ती मोकळी जागाच तिला खटकते. भिंतीला पुन्हा रिकामा हॉल शिकवला. गेली.

१८ मार्च
परत आली. पुसली. परत आली. आता एक हात वर आहे. असा हात मी कोडमध्ये कुठेही लिहिलेला नाही.

१९ मार्च
मिस्त्रींच्या पत्नी हत्यारांची पेटी न्यायला आल्या. विचारलं, भावजी, शेवटी काही बोलले का हो? तुम्ही कुठे होतात? म्हटलं, चहाला. त्यांच्या पाठीमागे सावली उठून बसली. वहिनींना दिसली नाही.

२१ मार्च
चहाला नव्हतो. शेजारच्या खोलीत, संगणकाच्या पडद्यासमोर होतो. धप्प आवाज ऐकला. पडद्यावर आडवा आकार, वर केलेला हात — हलत होता. मग थांबला. मी घड्याळ लावलं. बरोब्बर चाळिसाव्या सेकंदाला आकार विरला. नियम चालला. आणि मी — टाळी वाजवली.

२२ मार्च
वहिनींकडे जायला निघालो. भर दुपार, हॉलचं दार सताड उघडं. भिंतीवर मिस्त्री उभे. शिडी धरून. मी धरायला हवी होती तशी. पाय —

तिथेच बसून लिहितोय. पाय हलत नाहीत. भिंतीवर माझी सावली पायांपासून विरतेय — कंबर — आता मान. उरलाय फक्त लिहिणारा हात. तो थांबला की मोजणी सुरू.
वहिनी, मी चहाला गेलो नव्हतो. त्यांचा हात हलत होता तेव्हा मी —