चार चिठ्ठ्या

५ मे
चि. धाकट्यास, पोटभर आशीर्वाद.

तीन चिठ्ठ्या कापून झाल्या, चौथीला कात्री अडली. म्हणून पेन हातात घेतलं. तळ्याकाठचं घर आठवड्यासाठी मिळालं आहे. वर तीन खोल्या, त्यातल्या एकीला गॅलरी. खाली स्वयंपाकघराला लागून एक, अंधारी. नाना, तुम्ही दोघं, आम्ही दोघं आणि माझ्या मुली. म्हणजे चिठ्ठ्या चार. नानांसारखा वजनमापांचा निरीक्षक बाप असल्यावर दुसरं काय होणार? खोडरबरसुद्धा पट्टीने मोजून अर्धं दिलं होतं आपल्याला. तुझ्या बायकोचा गॅलरीवर डोळा आहे, ते कळतं मला. तिला म्हणावं, नशीब आजमाव.

लोभ आहेच, जपून वापर.
तुझी ताई

९ मे
ती. ताईस, सा. न.

पत्र पोचलं. मला वाटतं, नानांना चिठ्ठीतून वगळावं आणि खालची खोली सरळ देऊन टाकावी. गुडघे दुखतात त्यांचे. बाकी ठीक. लोभ कमी करू नकोस.
धाकटा

ता. क. या घरातून जाणारं पत्र मी वाचल्याशिवाय पाकिटात जात नाही. माझे गुडघे उत्तम आहेत. चिठ्ठी म्हणजे चिठ्ठी. — नाना

१२ मे
चि. धाकट्यास, आशीर्वाद.

अरे लबाडा! नानांना खाली ढकललं की उरलेल्या तिनांत एक गॅलरीची. लहानपणी पोट दुखतंय म्हणून खिडकीची जागा मिळवायचास, तसंच हे. जमणार नाही. नाना म्हणतात तसंच होईल.
ताई

१५ मे
ती. ताईस, सा. न.

छापखान्यात जेवणाच्या सुट्टीत लिहितो आहे, म्हणजे हे नाना वाचणार नाहीत. ते रात्री उठून चालतात. महिन्यात चार वेळा झालं. डोळे उघडे असतात, पण आपण जुन्या घरात आहोत असं त्यांना वाटतं. त्या घराला जिना नव्हता. परवा मी त्यांना इमारतीच्या जिन्यावर दंडाला धरून थांबवलं. पुढचा पाय हवेत होता. सकाळी मला शपथ घातली. ताईला कळलं तर मी येणार नाही, म्हणाले. डॉक्टरचं नाव काढू देत नाहीत.

मला सुट्टी चार दिवस उशिरा मिळते आहे. ही त्यांना घेऊन येईल. काहीही कर, पण त्यांना खाली झोपव. आणि तुला कळलंय हे त्यांना कळू देऊ नकोस.

रागावू नकोस.
धाकटा

२० मे
चि. धाकट्यास, आशीर्वाद.

चारही चिठ्ठ्यांवर मी ‘खालची’ लिहिलं. वडील म्हणून पहिली नानांनी उचलली, वाचली, बरं म्हणाले. उरलेल्या आवरायला मी हात पुढे केला, तोवर त्या त्यांच्या मुठीत होत्या. दुकानदाराचं वजन उलटं करून बुडाला काय आहे ते बघायचे, तशी एकेक उघडली.

मला एवढंच विचारलं, की तूसुद्धा? गॅलरी स्वतःला ठेवायची म्हणून मी हे केलं, असं त्यांना वाटलं. खरं कारण ओठांवर आलं होतं. तुझं पत्र आठवलं आणि गप्प बसले.

खोट्या मापाचा माल मी घेत नाही, म्हणाले. स्वतःची पिशवी स्वतः उचलून वर गेले आणि गॅलरीची खोली घेतली. जेवायला आले, पण माझ्या हातचं पाणी घेतलं नाही. तुझी बायको आणि मी वरच्या पायरीशी आळीपाळीने बसणार आहोत. तू ये, तुझं ऐकतील. हे पत्र सकाळच्या गाडीच्या ड्रायव्हरकडे देते.

२१ मे, सकाळ
पहाटे माझी पाळी होती. डोळा लागला. नाना जिन्याच्या पायथ्याशी सापडले. डॉक्टर येऊन दाखला लिहून देऊन गेले. तू येईपर्यंत थांबतो आहोत.
ताई