कापून दिलेल्या बातम्या

सोम., १२ जाने.
पुण्याहून स्कॅनिंगवाल्या बाई आल्या. आमच्या चर्चच्या मंडळीच्या साप्ताहिकाची जुनी फाइल उघडली, पहिल्याच अंकाला चौकोनी भोक. पुढच्याला दोन. ‘वाळवी का?’ म्हणाल्या. वाळवी कसली, माझी कात्री. मी पुढचा अंक पुढे केला.

मंगळ., १३
पाळकसाहेबांना सांगून टाकलं. वाचनालय इतकी वर्षं माझ्याकडे. मयत झालेल्या घरचे यायचे, मृत्यूची बातमी बायबलात ठेवायला मागायचे. सगळ्यांकडे तीच रीत. मी कापून द्यायचे. रडत्या माणसाला नाही कसं म्हणायचं? शिवाय दुसरा संच नगरला आहेच, हा माझा शहाणपणा. तो केव्हाच रद्दीत गेला, आज कळलं. आता जगात हा एकच. साहेबांनी फाइल मिटून परत माझ्या हातात दिली. ओरडले असते तर बरं वाटलं असतं.

बुध., १४
मशीन शुक्रवारी पाचपर्यंतच. बाई म्हणतात, कात्रणं आणा, जागेवर ठेवून फोटो घेऊ. अख्खं श्रीरामपूर पालथं घातलं. सहा मिळाली. भोकं मोजायची छाती नाही.

गुरु., १५
एस.टी.नं राहाता. मार्थाकाकूंच्या सासऱ्यांची बातमी मोठी, अर्धं पान. काकू म्हणाल्या, ‘ते बायबल न्हाई गं आता. ह्यांच्यासंगं पेटीत ठिवलं. आपल्यात ठिवत्यातच की.’
खरंच की. आईच्या शवपेटीत मीच ठेवलं होतं. मग हे सुचलं कसं नाही? घरोघर मागत फिरतेय आणि निम्मी कात्रणं मातीत. मेले मी.

शुक्र., १६, दुपार
बाईंनी एक पान दाखवलं. वर मथळा, ‘अकोले भागात बाप्तिस्मा घेतलेली मुले’. खाली भोक. नावं एकही नाही. पान उलटलं. मागच्या बाजूला ह्यांच्या मृत्यूची बातमी होती. ह्यांच्या मातीनंतर मीच कापलेली. पाठीमागं काय छापलंय, कधी बघितलंच नाही.

घरी आले. कात्रण माझ्या बायबलाच्या पुठ्ठ्याला गोंदानं चिकटवलेलं. माझ्याबरोबर जायचं म्हणून पक्कं चिकटवलं होतं. ह्यांचा दुसरा फोटो घरात नाही.

चार वाजले. पातेल्यातल्या वाफेवर धरलंय. एक कोपरा सुटला. मागे दोन नावं वाचता येतात, तिसरं अर्धं. ह्यांच्या कपाळावरून चीर गेली आहे. अजून बरीच नावं असणार, खाली. हात थांबत नाही आणि पुढंही सरकत नाही.